सामान्य माणसाची सही

गेल्या वर्षी ऐन श्रावणात मला एक पत्र आले. लांबट पाकीट, वर एका विद्यापीठाचा शिक्का आणि आत टंकलिखित आठ ओळी. विद्यापीठाच्या संशोधन-नीती समितीवर एक जागा रिकामी आहे, तिच्यावर 'सामान्य व्यक्ती' म्हणून आपली नेमणूक करण्याचे योजिले आहे, तरी संमती कळवावी, असा मजकूर होता. सत्तर वर्षांच्या आयुष्यात मला सामान्य समजणारे लोक पुष्कळ भेटले. पण ती गोष्ट जावक क्रमांक घालून, सहीशिक्क्यानिशी कोणी कळवली नव्हती.

मी पत्र सौभाग्यवतींच्या हाती दिले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षे मी हेच सांगत होते. आता विद्यापीठालाही पटले, बरे झाले."

मग मी थोडी चौकशी केली. तेव्हा कळले की ही थट्टा नाही, कायदा आहे. माणसांवर संशोधन करायचे तर आधी अशा समितीपुढे जावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना आणि औषधांच्या चाचण्यांविषयीचे २०१९ चे नियम यांनी तिची रचना ठरवून दिली आहे. निदान सात सभासद हवेत. त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. एक कायदा जाणणारा हवा, स्त्री सभासद हवी आणि ज्याला त्या शास्त्रातले काही कळत नाही असा एक सामान्य माणूसही हवा. म्हणजे माझी पात्रता माझ्या अज्ञानात होती. अशी नोकरी तरुणपणी मिळाली असती तर किती बरे झाले असते!

पण हा सामान्य माणूस तेथे शोभेला बसवलेला नाही. त्याच्या खुर्चीमागे मोठा काळा इतिहास आहे. जर्मनीच्या छावण्यांत डॉक्टरांनी कैद्यांवर जे प्रयोग केले, त्यांचा खटला न्यूरेंबर्गला चालला आणि १९४७ साली न्यायाधीशांनी दहा नियम लिहून ठेवले. त्यांतला पहिलाच नियम असा की, ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची राजीखुशी हवी. पुढे १९६४ साली हेलसिंकीला जगातल्या डॉक्टरांनी आपल्यासाठी आचारसंहिता केली. एवढे होऊनही अमेरिकेत टस्कीगी नावाच्या गावी सुमारे चारशे गरीब काळ्या माणसांच्या उपदंशाचा केवळ 'अभ्यास' १९३२ पासून १९७२ पर्यंत चालूच राहिला. मधल्या काळात पेनिसिलीन आले, गुण देऊ लागले. त्या माणसांना मात्र ते दिले नाही, कारण दिले असते तर अभ्यास संपला असता! अभ्यास करणारे कोणी राक्षस नव्हते. सरकारी पगारावरची शिकलीसवरलेली माणसे होती, रोज संध्याकाळी घरी जाऊन मुलाबाळांत बसणारी. म्हणूनच शहाण्यांच्या बैठकीत एक अडाणी बसवावा, असे जगाने ठरवले.

मी संमती कळवली.

पहिली बैठक आश्विनात झाली. टेबलावर सहा प्रस्ताव, प्रत्येक दोन बोटे जाड. चहा-बिस्किटांपर्यंत चार मंजूर झाले. पाचवा एका संशोधक विद्यार्थिनीचा होता. मुलगी वडसा-आरमोरीकडची, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलीच. विषय होता सिकलसेलचा. एटापल्ली-भामरागड भागातल्या काही आश्रमशाळांतील मुलांचे रक्त तपासायचे आणि या आजाराचा त्यांच्या प्रकृतीवर, अभ्यासावर काय परिणाम होतो ते पाहायचे.

विषय चांगला होता, यात शंका नाही. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी सांगतो. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक शिरांत अडकतात, सांधे दुखतात, माणूस लवकर थकतो. हे आईबापांकडून येते. दोघांपैकी एकाकडूनच आले तर माणूस नुसता वाहक होतो, त्याला सहसा त्रास होत नाही. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर त्यांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याचा संभव चारात एक. विदर्भातल्या आदिवासींत आणि इतर काही समाजांत तो पुष्कळ आढळतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीमच सुरू केली. तेव्हा कोणी मुलगी आपल्याच जिल्ह्यात जाऊन हे काम करू म्हणते, याचे कौतुकच व्हायला हवे.

अडचण होती ती परिशिष्टातल्या एका कागदावर. त्यावर 'संमतिपत्र' असे लिहिले होते आणि खाली सहीची जागा होती मुख्याध्यापकांची.

मी बोट ठेवून विचारले, "येथे आईबापांची सही कोठे आहे?"

मुलीचे मार्गदर्शक शांतपणे म्हणाले, "साहेब, आपण तिकडचे आहात, आपल्याला सांगायला नको. पाऊस लागला की पर्लकोटेला पूर येतो आणि भामरागडचा रस्ता बंद होतो. पालक रानात. त्यांना मराठी वाचता येत नाही. वसतिगृहात मुख्याध्यापक हेच पालक. शिवाय अनुदान मार्चअखेर संपते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कारणे खोटी नव्हती. कायदेतज्ज्ञांनी मात्र घसा खाकरून सांगितले की, अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत आईबापांची संमती लागते. आणि मूल सात वर्षांचे झाले की त्याचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो, बारापर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. अध्यक्ष म्हणाले, "मग मुख्याध्यापकांची सही, आणि पालकांना नंतर कळवू, असे करू या का?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या सहीवाचून कागद पुरा होत नव्हता.

वाचकहो, खरे सांगतो, मीही सही केली असती. चार वाजत आले होते आणि माझी एसटी साडेचारची होती. पण त्या कागदाने मला दोन गोष्टी आठवल्या.

पहिली गोष्ट आमच्या शेजारची. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि तेथून गोदावरी खाली भद्राचलमला जाते. ते भद्राचलम तेव्हा आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात होते, आता तेलंगणात आहे. त्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला २००९ साली हजारो मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस टोचण्यात आली. पाथ नावाची एक परदेशी संस्था, आपली आयुर्विज्ञान परिषद आणि राज्य सरकारे यांचा तो प्रकल्प होता. खम्मममधल्या कितीतरी मुली आदिवासी वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या. पुढे त्यांतल्या काही मुली दगावल्या म्हणून ओरड झाली आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवले गेले. चौकशी झाली. मृत्यूंचा लशीशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. एका मुलीने तर कीटकनाशक पिऊन जीव दिला होता, असे सांगितले जाते. लस मुळात चांगली आहे, जगभर दिली जाते, तेव्हा तिच्याविषयी कोणी गैरसमज करून घेऊ नये. पण चौकशीत दुसरेच बाहेर आले. शेकडो संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. आता विचार करा. ज्या बापाला मुलीला काही टोचल्याचेच ठाऊक नव्हते, त्याला 'तिच्या मरणाशी या सुईचा संबंध नाही' हे सांगून पटणार कसे? सही चुकीच्या माणसाची घेतली की पुढचे खरेही खोटे ठरते.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची आहे. ती मी आजवर कोठे लिहिली नाही.

साल १९७८. गडचिरोली जिल्हा अजून झाला नव्हता, तो १९८२ च्या ऑगस्टात झाला. सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता आणि जुनी माणसे त्याला चांदाच म्हणत. मी एम. ए. ला होतो आणि खिशात पैसे नव्हते. एका प्राध्यापकांनी आदिवासींच्या जमाखर्चाची पाहणी काढली होती, एका फॉर्ममागे दोन रुपये मिळत. मी चाळीस फॉर्म घेऊन धानोऱ्याच्या पलीकडच्या एका गावी गेलो. गावाचे नाव सांगत नाही. का ते पुढे कळेलच.

तेथे तळ्याच्या काठी एक विधवा बाई राहत होती, दोन लहान मुली पदरात. तिने मला बाजेवर बसवले, पाणी दिले. धान किती झाले, तेंदूपत्त्याचे किती मिळाले, सगळे सांगितले. पण बेरीज जमेना. खर्च जास्त, जमा कमी. मी हुशार! मी तिला घोळून घोळून विचारत राहिलो. शेवटी ती कचरली, तेव्हा मी म्हणालो, "सांगा हो बाई, कोणाला कळणार नाही. हे नुसते अभ्यासासाठी आहे." मग तिने सांगितले. मोहाची गाळायची आणि बाजाराच्या दिवशी विकायची. हातभट्टी १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही. मी रकाना भरला. बेरीज जमली.

प्राध्यापक खूष झाले. माझा फॉर्म सर्वांत भरलेला होता. सायक्लोस्टाइल केलेला अहवाल निघाला, त्यात तो एक 'नमुना कुटुंब' म्हणून छापला गेला. बाईचे नाव नव्हते. पण गावाचे नाव होते आणि 'तळ्याकाठी राहणारी विधवा, दोन मुली' असे लिहिले होते. त्या गावाला तळे एक आणि त्याच्या काठी घरही एकच! अहवालाच्या प्रती कचेऱ्यांतून वाटल्या गेल्या.

दोन वर्षांनी धानोऱ्याच्या बाजारात ती मला दिसली. मी ओळख दाखवली. तिने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "तुमीच ना जी, लिहून नेलं होतं ते? माझे हंडे नेले. दोन खेपा नेले. तुमी म्हणलं होतं, कोनाले नाही सांगत."

मी काय सांगणार? 'दुसऱ्या कोणी चुगली केली असेल' असे मी पुटपुटलो. तसे असेलही. तो अहवाल कोणी उघडून पाहिला होता की नाही, कोण जाणे. पण आपण शब्द दिला आणि तो छापून टाकला, एवढे तर खरे होते. ती रागावली नाही. टोपली उचलून पुढे गेली. एखादी शिवी दिली असती तर मी विसरलो असतो.

गंमत अशी की मी एकही नियम मोडला नव्हता, कारण नियमच नव्हते. एकही आकडा खोटा नव्हता. आज विद्यापीठांत एक यंत्र आहे, प्रबंध त्यात घालतात आणि उचलेगिरी किती ते सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत सारखेपणा चालतो, त्यापुढे शिक्षा वाढत जाते. चांगलेच आहे. पण माझा तो अहवाल यंत्रात घातला असता तर शून्य टक्के आले असते. दुसऱ्याचे वाक्य चोरले की यंत्र ओरडते. दुसऱ्याचे गुपित चोरले तर ते गप्प बसते.

हे सगळे मी बैठकीत सांगितले नाही. खम्ममचे तेवढे सांगितले. तेव्हा मार्गदर्शक जरा वरमून, जरा चिडून म्हणाले, "अशाने आदिवासी भागात कोणी संशोधनच करणार नाही. मग त्यांचे आजार कसे कळणार? हे नुकसान कोणाचे?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर आमच्याच जंगलात आहे म्हणून येथे थोडा थांबतो.

वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे कुष्ठरोगाचे शिक्षण घ्यायला कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या शाळेत गेले होते. तेव्हा अडचण अशी होती की या रोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढत नाहीत, प्रयोगाला माणसाचे शरीर हवे. बाबांनी स्वतःचे शरीर पुढे केले आणि जंतू टोचून घेतले. रोग काही त्यांना जडला नाही, ती गोष्ट वेगळी. प्रत्येक संशोधकाने असे करावे असे मी म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या दंडावर सुई ठेवण्यापूर्वी ती क्षणभर आपल्या दंडावर आहे असे मानायला काय हरकत आहे?

आणि गडचिरोलीत १९८६ पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. 'सर्च'चे दवाखाने पाहिले तर कळते की विचारणे म्हणजे काय. मोठ्या इस्पितळाची आदिवासींना भीती वाटते, नातेवाइकांना तेथे थारा नसतो, हे लोकांनी सांगितले. म्हणून शोधग्रामचे रुग्णालय झोपड्यांचे गाव असावे तसे बांधले, रोग्याबरोबर घरचे राहू शकतील असे, आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. आधी ऐकले आणि मग बांधले, असा हा क्रम.

याच जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ज्याविषयी बाई नवऱ्याजवळही बोलत नाही असे ते आजार. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आणि त्यांतल्या अवघ्या ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. १९८९ च्या जानेवारीत हे 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात आले आणि खेड्यातल्या बाईच्या आजाराकडे जगाचे लक्ष गेले. मास्तरांच्या सहीने ६५० बायका तपासायला आल्या असत्या असे कोणाला वाटते काय? विश्वास बसल्यावाचून ही संख्या होतच नाही. म्हणजे संमती ही शास्त्राच्या वाटेतली धोंड नव्हे, ती वाटच आहे.

पण सगळे सोपे आहे असेही नाही. 'सर्च'ने १९९३ ते १९९८ या काळात नवजात बालकांवरचा मोठा अभ्यास केला. ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केले. तिने घरी जाऊन बाळ तोलायचे, उबेत ठेवायला शिकवायचे, श्वास अडला तर मदत करायची आणि जंतुदोष दिसला तर इंजेक्शनसुद्धा द्यायचे. तुलनेसाठी ४७ गावे होती, तेथे नेहमीच्या सरकारी सोयी तेवढ्या. तुलना करता ३९ गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ च्या डिसेंबरात तेही 'लॅन्सेट'मध्ये आले.

आता माझ्यासारख्या सामान्य माणसाच्या मनात येते की, त्या ४७ गावांतल्या बाळांनी काय पाप केले होते? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि त्याचे उत्तर असे की, सातवी-आठवी शिकलेल्या बाईच्या हातचे इंजेक्शन तारील की मारील, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक नसते तोवरच तुलना न्याय्य असते. ठाऊक झाले की एक दिवसही ती लांबवणे म्हणजे टस्कीगी. आणि कळले ते सर्वांना मिळाले पाहिजे. नवजात बाळाला घरी जाऊन तपासण्याची ती पद्धत २०११ पासून सरकारने आशांमार्फत देशभर सुरू केली. गडचिरोलीच्या आयांनी दिलेल्या माहितीचे फळ इतरांच्या बाळांनाही मिळाले. देणे फेडण्याची ही एक रीत झाली.

दुसरी रीत धानोरा तालुक्यातच मेंढा (लेखा) या गावाने दाखवली. शंभराच्या आसपास घरांचे गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सर्वांना माहीत आहे. २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पण मला त्याहून मोठे वाटते ते त्यांचे अभ्यासगट. निर्णय ग्रामसभा घेते, तोही बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने. आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतात, बाहेरचा जाणकार बोलावून त्याला प्रश्न विचारतात. म्हणजे इतरत्र विद्वान गावाचा अभ्यास करतात, येथे गाव विद्वानाला अभ्यासाला बसवते! अशा गावात 'लोकांना कळत नाही म्हणून मास्तरांची सही घेतली' असे म्हणून पाहा बरे.

असो. बैठकीकडे वळतो. अध्यक्षांनी त्या मुलीला आत बोलावले. मी विचारले, "बाळ, पालक कधीच भेटत नाहीत का?"

ती म्हणाली, "भेटतात ना सर. दिवाळीच्या सुट्टीत सगळी पोरं घरी जातात. मी घरोघर जाऊ शकते. पण मग अनुदानाच्या मुदतीत काम बसत नाही, म्हणून मी बोलले नाही."

पाहा, उत्तर तिच्याजवळ होते. तिला कोणी विचारले नव्हते, एवढेच.

मग आम्ही दोन तास बसलो. माझी एसटी गेली. ठरले ते असे. संमती घरी जाऊन, माडिया भाषेत, तोंडी समजावून घ्यायची. दुभाषी बाई असावी, पण त्याच गावची नसावी. मुलाला वेगळे विचारायचे. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचे नाही, आणि शाळेत त्याचा गवगवा करायचा नाही. निकाल मुख्याध्यापकांकडे जाणार नाही, ज्याचा त्याच्या घरी सांगायचा. कारण वर्गात एकदा 'सिकल' असे नाव पडले तर मुलीच्या लग्नापर्यंत ते पुसले जात नाही. आजार निघाला तर उपचार कोठे मिळेल ते लिहून द्यायचे आणि त्या दवाखान्याशी आधी बोलून ठेवायचे. प्रबंधात गावांची नावे येणार नाहीत. ही शेवटची अट मी घातली. का घातली ते कोणी विचारले नाही.

मार्गदर्शक नाराज झाले. मुदतवाढीचा अर्ज करावा लागला, त्यात मुलीचे सहा महिने गेले आणि काही काळ तिची शिष्यवृत्तीही अडली. हे मी लपवत नाही. सचोटीला खर्च येतो, आणि तो बहुधा ज्याच्या खिशात कमी त्यालाच आधी भरावा लागतो. समित्यांनी याचाही विचार केला पाहिजे. नुसती अट घालून आपण मोकळे, हे बरे नव्हे.

गेल्या दिवाळीत लोक झाडीपट्टीत मंडईची नाटके पाहत होते, तेव्हा ती मुलगी वहीपेन घेऊन गावे पालथी घालत होती. बहुतेक घरांनी हो म्हटले. काही घरांनी नाही म्हटले. तिने मला फोनवर जरा हिरमुसून सांगितले, "सर, काहींनी नाही म्हटलं." मी म्हणालो, "अभिनंदन! मास्तरांच्या सहीवर एकही 'नाही' आले नसते. ज्या दारी 'नाही' म्हणता येते, त्याच दारच्या 'हो'ला किंमत."

या उन्हाळ्यात ती निकाल सांगायला पुन्हा घरोघर गेली. एका गावी मीही बरोबर गेलो. एका बापाने सगळे ऐकून घेतले, दुभाषी बाईला काहीतरी म्हणाला आणि हसला. बाईने सांगितले, "म्हणतो, रक्त नेणारे पुष्कळ आले. सांगायला परत आलेली ही पहिलीच."

परतताना मी धानोऱ्यावरून वळसा घेतला. तळे तेथेच होते, घर मात्र नवे. ती बाई केव्हाच गेली होती. धाकटी मुलगी भेटली, आता तिलाच नातवंडे आहेत. मी कोण ते सांगितले, काय केले तेही सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माय सांगे, एक पोरगा येऊन लिहून नेलं म्हणून." थोड्या वेळाने विचारले, "मंग आता काय लिहून नेता जी?"

मी म्हणालो, "काही नाही. एवढेच सांगायला आलो."

तिने चहा टाकला. तो पिऊन मी निघालो. पंचेचाळीस वर्षांहून अधिक उशीर झाला होता आणि ज्यांना सांगायचे त्या ऐकायला नव्हत्या. याला कोणी प्रायश्चित्त म्हणू नये.

आता समितीची पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. टेबलावर पुन्हा गठ्ठा असेल आणि शेवटी माझ्या सहीची जागा असेल, खाली कंसात 'सामान्य व्यक्ती'. पहिल्यांदा तो शब्द वाचून मला हसू आले होते. आता सही करताना मी सावकाश करतो.

वाचकहो, दिवाळीच्या शुभेच्छा. तुमच्याही दारी केव्हातरी कोणी कागद घेऊन येईल, विद्यापीठाचा असेल, सरकारचा असेल, दवाखान्याचा असेल. त्याला बसवा, पाणी द्या, फराळ द्या. काम चांगले असेल तर मदतही अवश्य करा. फक्त सही करण्यापूर्वी एवढे विचारा: "यातून काय निघाले ते सांगायला परत कधी येणार?"